ॲम्प्लिफायरचे चॅनल एकत्र करताना : ब्रिज, पॅरलल आणि बॉक्सचा लोड (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शिवाजी पेठेतल्या तालमीचा मांडव असो, राजारामपुरीतला हॉल असो की खासबागेतलं कुस्तीचं मैदान, ॲम्प बहुतेक वेळा तोच असतो. बदलतो तो त्याच्यावर टाकलेला लोड, म्हणजे जोडलेले बॉक्स (स्पीकर) आणि त्यांचे मिळून होणारे ओहम. कोल्हापुरातले साउंडवाले, तालीम मंडळांचे कार्यकर्ते आणि घरी बोर्ड जोडणारी मंडळी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. हिशोबासाठी सगळीकडे एकच दोन-चॅनलचा ॲम्प धरला आहे : दर चॅनलला ८ ओहमवर ५०० वॅट, ४ ओहमवर ८०० आणि २ ओहमवर १२०० वॅट. तुमच्या ॲम्पचे आकडे वेगळे असतील, हिशोबाची रीत बदलत नाही.

ब्रिज केल्यावर आत नेमकं काय होतं?

ब्रिज म्हणजे ॲम्पच्या दोन चॅनलनी मिळून एकच लोड चालवणं. एका चॅनलला सिग्नल सरळ जातो, दुसऱ्याला उलटा. पहिल्याचं आउटपुट वर जातं तेव्हा दुसऱ्याचं तेवढंच खाली जातं. बॉक्स या दोघांच्या लाल टर्मिनलांमध्ये जोडलेला असतो, म्हणून त्याला दुप्पट व्होल्टेज मिळतं. करंट मात्र दुप्पट होण्याची सोय नाही : जो करंट एका चॅनलमधून निघतो तोच दुसऱ्यात शिरतो.

हे एकदा पक्कं बसलं की बाकीचे निम्मे प्रश्न उरत नाहीत. ब्रिजने व्होल्टेज वाढतं. आउटपुट पॅरलल केल्याने, म्हणजे दोन्ही लाल टर्मिनल एकत्र जोडल्याने (ज्या ॲम्पला ते चालतं तिथे), करंट वाढतो. त्यामुळे आधी विचारायचं ते हे, की तुमच्या लोडला कमी पडतंय ते व्होल्टेज की करंट? जास्त ओहमच्या लोडला व्होल्टेज कमी पडतं, कमी ओहमच्या लोडला करंट.

व्होल्टेज दुप्पट म्हणजे पॉवर चौपट. मग ५०० चे २००० वॅट का होत नाहीत?

कारण ८ ओहमचा बॉक्स ब्रिजवर टाकला की प्रत्येक चॅनलला तो ४ ओहमसारखा दिसतो. आपला ॲम्प ८ ओहमवर ६३ व्होल्ट देतो (६३ × ६३ ÷ ८ म्हणजे साधारण ५००). ४ ओहमवर तेच ६३ व्होल्ट टिकले असते तर १००० वॅट झाले असते, पण करंट वाढल्यावर पॉवर सप्लाय बसतो आणि ५६.६ व्होल्टच उरतात, म्हणजे ८००. ब्रिजचा खरा आकडा काढायची रीत साधी आहे : बॉक्सच्या ओहमच्या निम्म्या ओहमवर एक चॅनल जेवढे वॅट देतो, त्याची दुप्पट. ८ ओहम ब्रिज म्हणजे ८०० च्या दुप्पट, १६०० वॅट. बॉक्सवर ११३ व्होल्ट, करंट १४ अँपिअर.

४ ओहमचा बॉक्स ब्रिजवर चालेल का?

ॲम्प २ ओहमवर चालेल असं कंपनीने लिहिलं असेल तर. आपल्या उदाहरणात २४०० वॅट मिळतील, पण प्रत्येक चॅनलमधून साडेचोवीस अँपिअर जातील. ॲम्पच्या माहितीपत्रकात २ ओहमचा आकडाच दिलेला नसेल तर ४ ओहम ब्रिज विसरा. पॅनेलवर ब्रिजच्या शेजारी ‘किमान ८ ओहम’ छापलेलं असतं ते याचसाठी.

बॉक्सवर लिहिलेले ओहम हे नाममात्र असतात, हेही धरून चला. मानकानुसार ८ ओहमच्या स्पीकरचा इंपीडन्स (एसी सिग्नलला होणारा रोध) काही फ्रीक्वेन्सींना ६.४ ओहमपर्यंत उतरू शकतो. ब्रिजमध्ये तिथे प्रत्येक चॅनलला ३.२ ओहम दिसतात.

दोन (किंवा चार) बॉक्स आहेत. ब्रिज करून एकत्र लावू की दोन चॅनलवर वेगळे?

वेगळे. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यावर सगळ्यात जास्त ॲम्प जळतात, म्हणून आकडे नीट बघा.

८ ओहमचे चार बेस (खालच्या आवाजाचे बॉक्स) आहेत. दोन-दोन पॅरलल करून (प्लसला प्लस, मायनसला मायनस) प्रत्येक चॅनलवर एक जोडी टाकली, तर दर चॅनलला ४ ओहम आणि ८०० वॅट, म्हणजे दर बॉक्सला ४००. आता तेच चार बेस सिरीज-पॅरलल करून (दोन-दोन एकामागे एक, मग त्या दोन जोड्या पॅरलल) ८ ओहमचा एक लोड केला आणि ब्रिजवर टाकला, तर एकूण १६०० वॅट, दर बॉक्सला पुन्हा ४००. मिळालं काहीच नाही. उलट सिरीजमधला एक स्पीकर उडाला की त्याच्या जोडीचाही आवाज जातो, आणि वायरिंग अशी झाली की रात्री दीडला दुरुस्त करायला बसलेल्या पोराला ती कळत नाही. चारही सरळ पॅरलल करून ब्रिजवर टाकले तर २ ओहम झाले, प्रत्येक चॅनलला १ ओहम. यात प्रोटेक्शन चांगलं असेल तर ॲम्प बंद पडेल, नसेल तर आउटपुट ट्रान्झिस्टर जातील.

तीन बॉक्स असतील तर एका चॅनलवर दोन (४०० आणि ४००), दुसऱ्यावर एक (५००). फरक एक डेसिबल, कानाला जवळपास जाणवत नाही.

मग ब्रिज करायचंच कधी?

८ ओहमचा एकच मोठा बेस, समजा १८ इंची, १००० वॅट आरएमएसचा (सतत सोसेल एवढी पॉवर), आणि चॅनल ५०० वॅटचा. इथे व्होल्टेज कमी पडतं आहे. ब्रिजने १६०० वॅटची मोकळीक मिळते, लिमिटर (सिग्नल ठरलेल्या मर्यादेवर थोपवणारी सोय) लावून ती आवरता येते. दुसरं ठिकाण म्हणजे १०० व्होल्ट लाइन, म्हणजे एकाच जोडतारेवर ट्रान्सफॉर्मर लावलेले बरेच कर्णे चालवण्याची पद्धत. त्याबद्दल खाली आहे.

एक हिशोब मात्र मंडळांनी पैसे खर्च करण्याआधी करावा. ५०० चे १६०० वॅट झाले की त्याच बॉक्समधून ५ डेसिबल वाढतात. त्याऐवजी तसाच दुसरा बेस पहिल्याला चिकटून ठेवला आणि रिकाम्या चॅनलवर लावला, तर खालच्या फ्रीक्वेन्सींना जवळपास ६ डेसिबल वाढतात आणि कुठल्याही कॉइलला ५०० वॅटपेक्षा जास्त सोसावं लागत नाही.

ॲम्पच्या मागे ‘पॅरलल’ असं बटण आहे. ते दाबून दोन्ही आउटपुट एकत्र जोडू का?

अजिबात नाही. बहुतेक ॲम्पवर त्या बटणाने फक्त इनपुट जोडले जातात : एकाच वायरचा सिग्नल दोन्ही चॅनलला जातो, आउटपुट वेगळेच राहतात. उपयोगी सोय आहे, मोनो मिरवणुकीसाठी हीच वापरावी. पण त्याचा आउटपुटशी काही संबंध नाही.

साध्या ॲम्पचे दोन लाल टर्मिनल वायरने जोडले तर काय होतं? दोन चॅनलचं गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) कधीच तंतोतंत सारखं नसतं. समजा दोघांमध्ये कुठल्या क्षणी अर्ध्या व्होल्टचा फरक आहे. आउटपुटचा अंतर्गत रोध आणि वायर मिळून ०.०५ ओहम धरा. ०.५ भागिले ०.०५ म्हणजे १० अँपिअर, बॉक्सकडे न जाता एका चॅनलमधून दुसऱ्यात फिरणार. आणि एकाचा नॉब चुकून खाली गेला तर शॉर्टच.

आउटपुट जोडून चालतील असे ॲम्प असतात तरी का?

असतात, त्यासाठीच बनवलेले. क्राउनच्या जुन्या मॅक्रोटेक मालिकेत स्टीरिओ, ब्रिज मोनो आणि पॅरलल मोनो असे तीन पर्याय आहेत. पॅरलल मोनोमध्ये सिग्नल फक्त पहिल्या चॅनलला द्यायचा, दोन्ही लाल टर्मिनलांत कंपनीने सांगितलेल्या जाडीचा जंपर (जोडतार) लावायचा आणि मग फार कमी ओहमचा लोड चालवता येतो. कार्यक्रमानंतर जंपर काढायला विसरलं आणि दुसऱ्या दिवशी ॲम्प स्टीरिओवर चालू केला, की खेळ संपला. जंपर लाल टेपने गुंडाळून ठेवा, म्हणजे डोळ्यात भरेल.

क्यूएससीच्या सीएक्सडी मालिकेतल्या चार चॅनलच्या ॲम्पमध्ये ‘फास्ट’ नावाची व्यवस्था आहे. तिथे चॅनल ब्रिज, पॅरलल किंवा दोन्ही मिळून ॲम्पच्या मेनूमधूनच जोडता येतात. कुठला लोड, किती व्होल्टेज, किती करंट हे बघून पर्याय निवडायचा आणि स्क्रीन दाखवेल त्याच टर्मिनलला बॉक्स लावायचा. फक्त हे लक्षात ठेवा की चारही चॅनलचा पॉवर सप्लाय एकच असेल, तर चॅनल जोडून सप्लायपेक्षा जास्त पॉवर येत नाही. जोडण्याने फक्त असलेली पॉवर एका लोडकडे वळते.

दोन वेगवेगळे ॲम्प मिळून ब्रिज करता येईल?

नको. गेन वेगळं, प्रोटेक्शन वेगळं, एक बंद पडला तर दुसऱ्यावर काय येईल त्याचा नेम नाही.

ब्रिज करण्याची पद्धत काय?

१. ॲम्प बंद करा, दोन्ही नॉब शून्यावर आणा, दोन-तीन मिनिटं थांबा. चालू ॲम्पवर ब्रिजचं बटण सरकवू नका.
२. इनपुट फक्त पहिल्या चॅनलला द्या. दुसऱ्यातली वायर काढून टाका. काही ॲम्पमध्ये दुसऱ्या चॅनलचा नॉबही शून्यावरच ठेवावा लागतो, ते पुस्तिकेत बघा.
३. इनपुट पॅरललचं बटण बंद आहे ना, हे बघून ब्रिजचं बटण लावा.
४. बॉक्स न जोडता मीटरने तपासा (पुढचा प्रश्न).
५. ॲम्प बंद करून बॉक्स जोडा, मग चालू करून आवाज हळूहळू वाढवा.

खरंच ब्रिज झालंय हे कसं ओळखायचं?

साध्या मल्टिमीटरने. बॉक्स काढलेला असू द्या. मिक्सरमधून किंवा मोबाईलमधून १०० हर्ट्झचा सूर द्या (साधा मीटर याच पट्ट्यात बरोबर वाचतो) आणि एसी व्होल्ट बघा. पहिल्या चॅनलच्या लाल-काळ्यात १० व्होल्ट येईल असा नॉब ठेवा. दुसऱ्या चॅनलच्या लाल-काळ्यातही १० आले पाहिजेत. आता दोन लालमध्ये मोजा. २० आले तर ब्रिज झालं. शून्याच्या आसपास आलं तर दोन्ही चॅनल एकाच दिशेने चालले आहेत, म्हणजे बटण लागलेलं नाही. १० आलं तर एक चॅनल मेलेला आहे. दोन मिनिटांचं काम आहे आणि तरीही फारसं कोणी करत नाही.

ब्रिज केलं, पण आवाज आधीएवढाच. का?

दहापैकी नऊ वेळा स्पीकॉन वायर (फिरवून लॉक होणाऱ्या प्लगची स्पीकर वायर). अनेक ॲम्पमध्ये पहिल्या एनएल-४ (चार पिनांच्या स्पीकॉन) सॉकेटवर १+ आणि १− हे पहिल्या चॅनलचे, २+ आणि २− हे दुसऱ्याचे असतात. ब्रिजचं आउटपुट १+ आणि २+ वर येतं. नेहमीची वायर १+ आणि १− वापरते, त्यामुळे बॉक्सला एकच चॅनल मिळतो. ब्रिजसाठी वेगळी वायर करा : ॲम्पकडे १+ ते बॉक्सकडे १+, ॲम्पकडे २+ ते बॉक्सकडे १−. तिच्या दोन्ही टोकांना पिवळी टेप आणि ‘ब्रिज’ असं लिहून ठेवा. हीच वायर स्टीरिओवर चुकून लागली तर दोन्ही चॅनलना सारखा मोनो सिग्नल असताना बॉक्समधून आवाजच येत नाही, आणि लोक बॉक्स उघडून बसतात. काही ॲम्पमध्ये पिनांची मांडणी निराळी असते, पॅनेलवरचं चित्र बघूनच वायर करा.

ब्रिजमध्ये मायनस म्हणजे अर्थिंगच ना?

नाही, तिथेही पूर्ण व्होल्टेज आहे. ती वायर ट्रॉलीच्या लोखंडाला, रॅकला किंवा दुसऱ्या ॲम्पच्या काळ्या टर्मिनलला लागली की एक चॅनल शॉर्ट होतो. दोन बॉक्सना मायनस सामाईक ठेवून तीन तारांची केबल ओढायची जुनी सवय इथे चालत नाही. शिवाय ११३ व्होल्ट हे हाताला झटका द्यायला पुरेसे आहेत. भाद्रपदात पाऊस असतोच; उघडी वायर पिरगळून केलेले जोड ब्रिजच्या लाइनवर ठेवू नका.

डीएसपीचा (ॲम्पच्या आधी सिग्नल घडवणाऱ्या प्रोसेसरचा) लिमिटर आहे तसाच ठेवला तर?

बॉक्स जाईल. बहुतेक ॲम्पमध्ये ब्रिज केल्यावर गेन ६ डेसिबलने वाढतं. समजा ४०० वॅट, ८ ओहमच्या बॉक्ससाठी लिमिटर लावला आहे : ५६.६ व्होल्ट लागतात, ३२ डेसिबल गेन म्हणजे ४० पट, तर इनपुटला १.४२ व्होल्ट, म्हणजे ५.२ डीबीयू (०.७७५ व्होल्टच्या तुलनेत मोजलेले डेसिबल). ब्रिजमध्ये तेच १.४२ व्होल्ट ८० पट होऊन ११३ व्होल्ट होतात आणि ४०० वॅटच्या बॉक्समध्ये १६०० वॅट घुसतात. लिमिटर ‘लावलेला’ असूनही. १००० वॅटच्या बेससाठी ब्रिजवर ८९.४ व्होल्टची मर्यादा हवी, म्हणजे इनपुटला १.१२ व्होल्ट, ३.२ डीबीयू. सोबत २५ ते ३० हर्ट्झचा हायपासही (त्याखालच्या फ्रीक्वेन्सी अडवणारा फिल्टर) लावा.

बॉक्सवरचा स्टिकर गेलाय. किती ओहमचा आहे ते कसं कळणार?

मीटर ओहमवर लावा. पॅसिव्ह क्रॉसओव्हर (आवाज बेस आणि ट्रेबलच्या स्पीकरांत वाटणारं सर्किट) नसलेला ८ ओहमचा बॉक्स साधारण साडेपाच ते साडेसहा दाखवतो, ४ ओहमचा तीन ते साडेतीन. मीटर डीसी रोध मोजतो, म्हणून आकडा कमीच येतो. आत दोन स्पीकर असतील तर बाहेरून मोजलेला आकडाच खरा. आतल्या स्पीकरवर ८ छापलं आहे म्हणून बॉक्स ८ चा होत नाही.

ब्रिज केल्याने बेस ढिला होतो म्हणतात. खरं आहे?

डॅम्पिंग फॅक्टर (स्पीकरच्या पडद्यावरची ॲम्पची पकड) निम्मा होतो हे खरं. ५०० चा २५० झाला, समजा. पण ॲम्पपासून ३० मीटरवर असलेल्या बॉक्सपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची वायर ओढली, तर जाऊन-येऊन ६० मीटरचा रोध सुमारे ०.४८ ओहम होतो आणि डॅम्पिंग फॅक्टर दोन्ही वेळा १६ च्या आसपासच राहतो. दोष वायरचा असतो, ब्रिजचा नव्हे.

याच वायरमध्ये ८ ओहमच्या बॉक्सची ५–६ टक्के पॉवर जळते, ४ ओहमची ११ टक्के, २ ओहमची १९ टक्के. म्हणून बॉक्स पॅरलल करत ओहम खाली नेण्यात कागदावरचे वॅट वाढतात आणि महाद्वार रोडच्या गर्दीत वायर तापते. ४ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर रोध ०.३० ओहमवर येतो. त्याहून बरं म्हणजे ॲम्पचा रॅक बॉक्सजवळ न्या आणि लांबची ओढ सिग्नलच्या वायरची ठेवा.

कुस्ती मैदानाला किंवा यात्रेला खूप कर्णे लावायचे आहेत. ब्रिजवर १०० व्होल्ट लाइन चालेल?

चालेल, आणि ब्रिजचा हा सगळ्यात शहाणा उपयोग आहे. दर चॅनलला ८ ओहमवर ३१२ वॅट देणारा ॲम्प म्हणजे ५० व्होल्ट. ब्रिज केला की थेट १०० व्होल्ट, लाइन ट्रान्सफॉर्मरशिवाय. आपला उदाहरणाचा ॲम्प हलक्या लोडला ब्रिजवर १२६ व्होल्टपर्यंत (६३ ची दुप्पट) जाऊ शकतो, म्हणून लिमिटर १०० वर लावा.

लोड मोजताना ओहम विसरा, वॅटची बेरीज करा. २० वॅटच्या टॅपवर (कर्ण्याच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या वॅटच्या जोडणीवर) २५ कर्णे म्हणजे ५०० वॅट. १०० गुणिले १०० म्हणजे १०,०००, भागिले ५०० म्हणजे २० ओहम, प्रत्येक चॅनलला १०. निवांत. बेरीज ॲम्पच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच न्या. कर्ण्यांसाठी ३०० हर्ट्झच्या आसपास हायपास लावा. खालच्या फ्रीक्वेन्सींना ट्रान्सफॉर्मरचा गाभा सॅच्युरेट होतो (चुंबकत्वाची मर्यादा गाठतो) आणि ॲम्पला तो जवळजवळ शॉर्टसारखा दिसतो. फक्त निवेदनच ऐकवायचं असेल तर बेसची गरजही नाही.

आहुजासारख्या पीए ॲम्पच्या मागे कॉमन, ४, ८, १६ ओहम, ७० आणि १०० व्होल्ट असे टर्मिनल असतात. तिथे आउटपुट ट्रान्सफॉर्मर आधीच आहे. अशा दोन ॲम्पचे आउटपुट एकत्र करू नका; लाइन दोन भागांत तोडा आणि प्रत्येक भागाला एक ॲम्प द्या. १६ ओहमचे चार युनिट पॅरलल केले तर कॉमन आणि ४ ओहम वापरा.

टीपीए ३११६ या ॲम्प चिपचा छोटा बोर्ड ब्रिज करायचा आहे.

तो आधीच ब्रिज आहे. या चिपचा प्रत्येक चॅनल आतून दोन आउटपुटांचा बनलेला असतो, म्हणून मायनसही जिवंत असतो आणि दोन चॅनल पुन्हा ब्रिज होत नाहीत. त्याला पीबीटीएल म्हणजे पॅरललचा पर्याय आहे : चिपच्या एका चॅनलचे दोन्ही इनपुट पिन ग्राउंड केले की चालू होताना ती मोनोत जाते आणि मग आउटपुट ठरलेल्या जोड्यांनी एकत्र करता येतात. बोर्डवर त्यासाठी जंपरची जागा नसेल तर स्टीरिओच वापरा. कारमधल्या काही ॲम्पचंही असंच असतं.

प्रत्येक ठोक्याला प्रोटेक्टचा लाल दिवा लागतो. काय बघायचं?

पहिला संशय लोडवर : बॉक्सच्या मागच्या ‘लिंक’ सॉकेटमधून कोणी आणखी एक बॉक्स जोडलाय का? मग वायरमधला शॉर्ट. दिवा अर्ध्या तासाने लागत असेल तर उष्णता. पंख्याची जाळी गुलालाने बुजलेली असते. ब्रिजमध्ये दोन्ही चॅनलचे क्लिपचे (सिग्नल ॲम्पच्या मर्यादेपलीकडे गेल्याचे) दिवे एकदम लागायला हवेत, एकाचाच लागत असेल तर तो चॅनल किंवा त्याची सप्लायची बाजू कमजोर झाली आहे.

जनरेटरवर आवाज मरतो. ब्रिज केल्याने भरून निघेल?

नाही, त्रास उलट वाढेल. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पला २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले की जास्तीत जास्त पॉवर सुमारे २४ टक्क्यांनी कमी होते. ब्रिजवर कमी ओहमचा लोड टाकला की करंट वाढतो आणि व्होल्टेज आणखी बसतं. जनरेटर ठरवताना ॲम्पच्या पुस्तिकेतला १/८ पॉवरचा करंट (ॲम्प सरासरी एक-अष्टमांश पॉवर देताना जनरेटरकडून घेतो तो) भजन-भाषणासाठी धरा, आणि सतत बेस वाजणार असेल तर १/३ पॉवरचा.

एवढी पॉवर रस्त्यावर वाजवायला परवानगी तरी आहे का?

ध्वनिप्रदूषण नियम २००० मधले आकडे बघा. निवासी भागात दिवसा ५५ डीबी(ए) (कानाला जाणवतं तसं मोजलेले डेसिबल), व्यापारी भागात ६५, शांतता क्षेत्रात ५०. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० ने जास्त किंवा ७५, यांपैकी जे कमी ते. म्हणजे पेठेतल्या गल्लीत ६५. रात्री १० ते सकाळी ६ बंदी. राज्य सरकार वर्षातले ठरावीक दिवस, जास्तीत जास्त १५, मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. या मर्यादेत राहायचं तर मांडवासाठी ब्रिजची गरज सहसा पडत नाही. लहान बॉक्स जास्त ठिकाणी, कमी आवाजात लावले की आरती शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाते.

जुना ॲम्प घेताना ब्रिज नीट चालतं का, हे दुकानात कसं बघू?

वरची १०० हर्ट्झची चाचणी करा. त्याआधी सिग्नल न देता प्रत्येक चॅनलच्या लाल-काळ्यात डीसी व्होल्ट मोजा. पन्नासेक मिलिव्होल्टपर्यंत ठीक, एखादा चॅनल शंभराच्या वर असेल तर सोडा. मग झाकण काढून दोन्ही चॅनलचे आउटपुट ट्रान्झिस्टर एकाच नंबरचे आहेत का ते पाहा. एका बाजूला मूळचे आणि दुसऱ्या बाजूला मिळतील ते घातले असतील, तर तो ॲम्प स्टीरिओपुरता घ्या आणि भाव त्या हिशोबाने करा.